स्कायलाइन जीटी-आर घ्यावी की पैसे इंडेक्स फंडात टाकावेत?

मिडनाइट_पर्पल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारूनच टाकतो. जपानहून इम्पोर्ट केलेली निसानची जुनी स्पोर्ट्स कार स्कायलाइन जीटी-आर घ्यायची इच्छा शाळेपासून आहे, आर 34 पिढीची मिळाली तर सोन्याहून पिवळं, नाहीतर त्याआधीची आर 32 पण चालेल. आता पैसे जमलेत पण बचतीतला मोठा हिस्सा त्यात जाईल आणि घरचे म्हणतायत शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाक. माझं म्हणणं असं की या गाड्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कुठल्या कुठे गेलेत, मग हीसुद्धा गुंतवणूकच झाली ना, वापरायलाही मिळेल आणि विकताना पैसेही सुटतील. यात काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

चक्रवाढ:
भाव वाढलेत हे खरंय, पण तू फक्त खरेदीचा आणि विक्रीचा आकडा बघतोयस, मधली वर्षं धरतच नाहीयेस. समज गाडीला 100 लागले. तेच 100 वर्षाला 8 टक्के चक्रवाढीने वाढले तर 10 वर्षांनी 216 होतात. आता इन्शुरन्स, गॅरेज, सर्व्हिस, टायर, पार्ट्स मिळून वर्षाला 4 धर, जुन्या टर्बो गाडीला हे कमीच आहेत, ते 4 पण दरवर्षी फंडात गेले असते तर त्यांचे 58 झाले असते. म्हणजे गाडी 274 ला विकली गेली तर कुठे बरोबरी होते, दुप्पट भावाने विकलीस तरी तू मागेच राहतोस. शिपिंग, ड्यूटी, रजिस्ट्रेशनला गेलेले पैसे पुढचं गिऱ्हाईक देईलच असं नाही. आणि अडीनडीला फंडातले हवे तेवढे काढता येतात, गाडी मात्र अख्खीच विकावी लागते, तीही गिऱ्हाईक मिळेल तेव्हा.

आरबी26:
आर 34 चे भाव का चढले ते आधी समजून घे. अमेरिकेत 25 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथल्या सेफ्टी नियमांतून सूट मिळते. आर 32 जीटी-आर 1989 ची म्हणून 2014 पासून तिकडे जायला लागली आणि आर 34 जीटी-आर 1999 ची, तिचा नंबर 2024 ला लागला. एवढं मोठं मार्केट उघडणार हे सगळ्यांना कित्येक वर्षं आधीपासून माहीत होतं, त्यामुळे भाव अगोदरच चढून बसले. तो फायदा ज्यांनी आधी घेतल्या त्यांचा झाला, आता त्याच कारणाने परत होणार नाही. आर 34 जीटी-आर साडेअकरा हजारांच्या आसपासच बनल्या, आर 32 जवळपास 44 हजार, तेव्हा आर 32 चा भाव तसाच पळेल अशी आशा धरू नकोस. लोक नेहमी सुबारूच्या इम्प्रेझा 22बी गाडीचं उदाहरण देतात, जपानसाठी 400 च काढलेल्या त्या, पण त्याच काळातल्या कितीतरी टर्बो गाड्यांचं आज कुणी नावही काढत नाही.

तरी घ्यायचीच असेल तर मूळ जपानी ऑक्शन शीट, म्हणजे तिथल्या लिलावात गाडी तपासून भरलेला कागद, मागच. ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी. गाडीच्या आकृतीवर डब्ल्यू म्हणजे पत्र्याची दुरुस्ती, एक्सएक्स म्हणजे पॅनल बदललेला, एस म्हणजे गंज. आर 34 असेल तर बॉनेट उघडून पुढच्या स्ट्रट टॉवरच्या (सस्पेन्शन वर जिथे बसतं तो पत्र्याचा भाग) जोडावर बोट फिरवून बघ, रंगाला फुगे आले असतील तर आतून गंजलंय. चॅसिस नंबर बीएनआर 34 ने सुरू व्हायला हवा. ईआर 34 असेल तर ती जीटी-आर नाहीच, साध्या, फक्त मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या स्कायलाइनला जीटी-आरसारखे बंपर वगैरे बाहेरचे पार्ट चढवून विकतात, नीट बघ.

सहावा_गिअर:
हिशोब पटला, पण गाडी घ्यायची ती चालवायला हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुंतवणूक म्हणून घेतली की किलोमीटर वाढतील या भीतीने माणूस ती बाहेरच काढत नाही, आणि उभ्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोल खराब होतं, ब्रेक धरून बसतात. कमी चाललेली दिसली की टायरवरचे चार आकडे वाच, 2314 असेल तर 2014 चा 23 वा आठवडा, असले टायर कितीही नवे दिसले तरी बदलायचेच, आणि गाडी किती वर्षं नुसती उभी होती याचा अंदाज पण येतो. जीटी-आरच हवी असं नसेल तर मॅन्युअल गिअरबॉक्सची बीएमडब्ल्यू ई46 एम3 बघ, एसएमजीवाली (क्लच पेडल नसलेला, आपोआप क्लच दाबणारा गिअरबॉक्स) स्वस्त मिळते पण विकतानाही मॅन्युअललाच जास्त मागणी, फक्त इंजिनातले रॉड बेअरिंग बदलल्याचं बिल आहे का ते विचार. मी तरी एवढेच पैसे गाडीत घालीन की निम्मे झाले तरी झोप उडणार नाही.

मिडनाइट_पर्पल:
आर 34 चा नाद सोडतो मग. बचतीतले बहुतेक पैसे फंडात, आणि उरलेल्यात बसेल अशी चांगली आर 32 शोधतो, चालवायलाच. एक शंका, मॉडिफाय केलेल्या बऱ्याच स्वस्त दिसतायत, त्या घ्याव्यात का?

आरबी26:
शक्यतो स्टॉकच, म्हणजे कंपनीतून आली तशीच, घे. मॉडिफाय केलेलीच आवडली तर काढलेले ओरिजिनल पार्ट सोबत मागून घे, टर्बो, एक्झॉस्ट, चाकं सगळं, पुढे विकताना त्यांनाच भाव असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, किती वाढवलाय आणि ट्यूनिंग कुणी केलं याचे कागद नसतील तर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) केल्याशिवाय पैसे देऊ नकोस, सहाही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. आणि इन्शुरन्स घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घे, नाहीतर गाडी गेल्यावर तीस वर्षं जुनी गाडी म्हणून हातावर काहीतरी टेकवतील.