अंतर्गत गुणांची अदलाबदल झाली आहे, दुरुस्ती कशी करून घ्यावी?

खानापूरचा पालक:
माझी मुलगी खानापूर तालुक्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकते. तिचा एसएसएलसीचा (कर्नाटकातील दहावीचा) निकाल नुकताच लागला आहे. विज्ञानाच्या लेखी परीक्षेत तिला अपेक्षेइतके गुण आहेत. परंतु चारही एफएमध्ये (वर्षभरात शाळेतच होणाऱ्या आकारिक मूल्यमापनांत) वर्गात पहिल्या दोघा-तिघांत असूनही अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी केवळ ११ गुण पडले आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की, वर्गात तिच्याच नावाची आणि आडनावाची आणखी एक मुलगी असून केवळ वडिलांचे नाव वेगळे आहे, आणि गुण ऑनलाइन भरताना विज्ञानाच्या सरांनी हिचे १८ तिच्या नावापुढे व तिचे ११ हिच्या नावापुढे घातले. सर तोंडी चूक मान्य करतात, पण लिहून द्यायला तयार नाहीत. मुख्याध्यापक ‘निकाल लागला, आता फेरमूल्यमापनाचा अर्ज भरा’ एवढेच सांगतात. बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला प्रवेश घ्यायचा असल्याने ६२५ पैकी सात गुण आम्हाला जड जाणार आहेत. शिवाय ती दुसरी मुलगी आमच्याच गल्लीतली आहे, त्यामुळे तक्रार करायलाही अवघड वाटते. काय करावे?

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी:
फेरमूल्यमापनाचा अर्ज भरू नका, पैसे वाया जातील. फेरमूल्यमापन आणि फेरबेरीज या दोन्ही गोष्टी लेखी उत्तरपत्रिकेच्या आहेत. विज्ञानाची ८० गुणांची उत्तरपत्रिका कोणी कितीही बारकाईने पुन्हा तपासली, तरी शाळेने भरलेले २० गुण तिच्यात नसतातच, त्यामुळे तपासणाऱ्याला ही चूक दिसण्याचा प्रश्नच येत नाही. मुख्याध्यापकांना हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. ते वेळ मारून नेत आहेत.

चूक शाळेच्या नोंदीत झाली आहे, म्हणून दुरुस्तीची मागणीही शाळेकडूनच गेली पाहिजे. मुख्याध्यापकांचे पत्र बीईओंकडे (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे), तेथून डीडीपीआय (शैक्षणिक जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) कार्यालयाकडे आणि पुढे बेंगळूरच्या मल्लेश्वरम येथील परीक्षा मंडळाकडे, असा हा मार्ग आहे. तुमचा तालुका बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो, आमची निपाणी चिक्कोडीत. महसुली जिल्हा एकच असल्याने पालक पुष्कळदा चुकीच्या कार्यालयात हेलपाटे घालतात.

सरांच्या लेखी कबुलीसाठी अडून बसू नका. एफएच्या गुणांची नोंदवही, मुलीच्या चाचणीचे तपासलेले पेपर आणि प्रकल्पवही यांवरून १८ गुण कसे झाले ते मांडता येते. नोंदवहीत दोघींची नावे बहुधा एकाखाली एक असतील. तेथे वडिलांच्या नावासमोरचे आकडे आणि मंडळाकडे गेलेले आकडे शेजारी-शेजारी दाखवले की वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. अर्जात ‘शिक्षकांवर कारवाई करावी’ असे एकही वाक्य घालू नका. ते दिसले की सगळा शिक्षकवर्ग सरांच्या पाठीशी उभा राहतो आणि मूळ दुरुस्ती बाजूला पडते. मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सांगतो.

बेळगावकर:
निपाणीच्या सरांचा सल्ला योग्य आहे, पण शाळेने नोंदवही दाखवलीच नाही तर काय? अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असल्यामुळे सगळी हकीकत त्यात लिहू नये. फक्त आपल्या मुलीच्या विज्ञानाच्या चार एफएच्या नोंदींची प्रमाणित प्रत मागावी. दुसऱ्या मुलीचे गुण मागितले तर तिची वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज तेथेच अडवला जाईल. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. शाळेने टाळाटाळ केल्यास त्याचा आधार जरूर घ्यावा. मात्र प्रवेश त्याआधी सुरू होतील, म्हणून महिनाभर वाट न पाहता दुरुस्तीचा अर्ज आजच द्यावा.

खानापूरचा पालक:
दोघांचेही आभार. अर्ज मराठीत दिला तर चालेल का? मला कन्नड बोलता येते, पण लिहिता येत नाही.

बेळगावकर:
राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, म्हणजे मराठी अर्ज नाकारण्याचे कारण नाही. तरीही तो कन्नड मसुद्यासह द्यावा, असे माझे मत आहे. हक्काचा वाद नंतरही घालता येईल, प्रवेशाची तारीख मात्र थांबणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी:
एक राहिले. अर्ज देण्यापूर्वी त्या मुलीच्या घरी जाऊन या. दुरुस्ती झाली तर तिचे सात गुण कमी होणार आहेत, आणि ही बातमी तिला बीईओ ऑफिसच्या शिपायाकडून कळू नये. चूक तिची नाही आणि तुमच्या मुलीचीही नाही. तिच्या वडिलांनी अर्जावर सही केली तर उत्तमच. दोन्ही पालकांची एकच मागणी असेल तर मुख्याध्यापकांना टाळता येणार नाही. नाहीच केली, तरी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि तिची एक प्रत कॉलेजच्या प्राचार्यांना प्रवेशाच्या फॉर्मसोबत द्या.