स्विफ्टला मॅगव्हील: चाक 'बसलं' म्हणजे नेमके काय समजायचे?

भाट्येकिनारा:

नमस्कार. माझी 2019 सालची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे आणि तिच्या चाकांच्या लोखंडी डिस्क (रिम) व 165/80 आर 14 मापाचे टायर अजून कंपनीचेच आहेत. पुढच्या दोन टायरांची नक्षी खुणेपर्यंत झिजली आहे, म्हणून चारही टायर बदलायचे ठरवले आणि त्याच वेळी मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकेही बसवून घ्यावीत असे मनात आले. रत्नागिरीतल्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा तिथल्या कारागिराने माझ्यासमोर आठ भोकांचे 16 इंची चाक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर) चढवले, चार नट आवळले आणि "बसलं की साहेब, अजून काय बघायचं?" असे विचारले. चाक बसले हे मीही पाहिले, पण जॅकवर असताना ते हाताने फिरवले तर किंचित डुलल्यासारखे वाटले, आणि तिथेच मन साशंक झाले.

माझा वापर असा आहे: आठवड्यातून दोनदा जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागरपर्यंत जाणे, आणि गणपतीत पाच माणसे व डिकीभर सामान घेऊन राजापूरच्या पलीकडे गावी जाणे. घर समुद्रापासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे. 15 इंची घ्यावीत की 16 इंची, आणि दुकानात नेमके काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_फिटर_चिपळूण:

साहेब, तुम्हाला चाक डुलल्यासारखे वाटले तो भास नसावा. तुमच्या गाडीची पीसीडी, म्हणजे हबवरचे चार स्टड (ज्यांवर नट आवळतात ते आट्यांचे दांडे) ज्या वर्तुळावर उभे आहेत त्याचा व्यास, 100 मिलिमीटर आहे. आठ भोकांच्या चाकात चार भोके 100 ची आणि उरलेली चार दुसऱ्या मापाची असतात, म्हणजे एकच माल वेगवेगळ्या गाड्यांना खपवता येतो. ही भोके जुळली तरी मधल्या भोकाचा प्रश्न उरतो. तुमच्या हबचा मधला उंचवटा 54.1 मिलिमीटरचा आहे, तर अशा सर्वांना चालणाऱ्या चाकांचे मधले भोक पुष्कळदा 73.1 चे असते. भोवती साडेनऊ मिलिमीटरची पोकळी राहिल्यावर चाकाला मध्यभागी धरणारे असे नटांच्या निमुळत्या तोंडांखेरीज काहीच उरत नाही; त्यातला एक नट आधी करकचून आवळला गेला की चाक केसभर बाजूला बसते, आणि मग बॅलन्सिंग कितीही वेळा करून घेतले तरी हायवेवर स्टिअरिंग थरथरत राहते. त्यावर बाहेरून 73.1 आणि आतून 54.1 मापाची सेंटर रिंग मिळते. ती चार चाकांना चार घ्या, आणि दुकानदार "तिची काही गरज नसते" म्हणाला तर सरळ दुसरे दुकान गाठा.

दुसरी गोष्ट नटांची. सुझुकीचे स्टड 12 मिलिमीटर जाडीचे आणि 1.25 पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये 1.25 मिलिमीटर अंतराचे असतात, पण इतर कितीतरी गाड्यांना 1.5 पिच लागते आणि दुकानात दोन्ही प्रकारचे नट एकाच डब्यात पडलेले मी स्वतः पाहिले आहेत. चुकीचा नट एक-दोन आटे जातो आणि अडतो. त्या क्षणी एअर गन लावली की नट आत जातो खरा, पण स्टडचे आटे कापत जातो. म्हणून नट पाना न लावता, नुसत्या बोटांनी पाच-सहा आटे फिरला पाहिजे, आणि त्याचे तोंड चाकाच्या भोकातल्या उताराशी जुळणारे असले पाहिजे. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर करून घ्यावी आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावी.

ऑफसेटबद्दल, म्हणजे चाकाचा हबला टेकणारा भाग रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे त्याबद्दल तर कोणी बोलतच नाही, आणि गाडी घासते ती बहुधा तिथेच. समजा, मूळ रिम 5 इंच रुंद असून तिचा ऑफसेट 40 आहे, आणि नवी रिम साडेसहा इंची असून तिचा ऑफसेट 35 आहे. रुंदी दीड इंचाने, म्हणजे 38 मिलिमीटरने वाढली, तिचे दोन्ही बाजूंना 19-19 वाटे झाले. ऑफसेट 5 ने घटल्यामुळे अख्खे चाक 5 मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणजे रिमची कड बाहेरच्या अंगाला 24 आणि आतल्या अंगाला 14 मिलिमीटर सरकणार. रिकामी गाडी दुकानाच्या सपाट फरशीवर उभी असताना यातले काहीच कळत नाही. ते कळते मागे तीन माणसे बसून गाडी खड्ड्यात दबली की, तेव्हा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला खरवडला जातो. तुमची डिस्क उतरवून आतल्या बाजूला कोरलेले आकडे वाचा आणि नव्या चाकाचे आकडे त्यांच्या शेजारी लिहून हा हिशेब दुकानात जाण्यापूर्वीच मांडा.

आता मापाचे. 165/80 आर 14 म्हणजे 165 मिलिमीटर रुंदीचा, 14 इंची रिमचा टायर; त्याची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची उंची, रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर आणि एकूण व्यास साधारण 620 मिलिमीटर भरतो. 185/65 आर 15 चा व्यास 621.5 येतो, आणि हेच माप कंपनी तुमच्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला देते. 195/55 आर 16 चा व्यासही 621 च्या आसपास येतो, त्यामुळे दुकानदाराचे 16 इंची माप वेग दाखवणाऱ्या मीटरच्या हिशेबाने चुकीचे म्हणता येणार नाही. पण त्याची भिंत 107 मिलिमीटरवर येते आणि 15 इंचीची 120 राहते. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा तेरा मिलिमीटरचा फरक मी तरी सोडणार नाही. टायरवरचा भार निर्देशांक मूळ 85 पेक्षा, म्हणजे प्रत्येक टायरमागे 515 किलोपेक्षा, कमी नसावा. चार आकडी तारीखही वाचून घ्या. 1425 असे लिहिले असेल तर तो टायर 2025 सालच्या चौदाव्या आठवड्यातला.

मालवणी_खारा_वारा:

फिटरकाकांनी मापाचे सगळे सांगितलेच आहे, म्हणून मी फक्त किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या नजरेतून दोन गोष्टी लिहितो. मी हौसेने 205/45 आर 17 घातले होते, म्हणजे टायरची भिंत अवघी 92 मिलिमीटर. कणकवलीच्या अलीकडे पावसाळी रात्री पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेले, तेव्हा आवाज बेताचाच झाला. पण सकाळी पाहिले तर टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलेला होता आणि रिमची आतली कड वाकलेली होती. ती वाकलेली कड बाहेरून दिसतही नव्हती. ठोकून सरळ करून देणारे भेटले, पण ठोकलेल्या अलॉयवर घाटात विश्वास टाकणे मला जमले नाही.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. चकाकत्या, कातीव तोंडाची जी चाके शोरूममध्ये डोळ्यांत भरतात, त्यांच्या पारदर्शक थराला खडीचा एक टवका बसला की तिथून आत पांढऱ्या, दोऱ्यासारख्या रेघा पसरू लागतात. माझ्या चाकांवर दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या अशा पसरल्या की वाळवीने पुस्तक पोखरावे. त्यापेक्षा पूर्ण रंगवलेले, साध्या चंदेरी किंवा करड्या रंगाचे चाक घ्यावे. फेरीबोटीतून आल्यावर ते गोड्या पाण्याने आतल्या बाजूनेही धुवावे. लोखंडी हब आणि अॅल्युमिनियमचे चाक यांच्यामध्ये खारट ओल साचली की दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसतात. माझे चाक नट काढल्यावरही सुटेना, शेवटी टायरला मागून लाकडाच्या ठोकळ्याचे घाव घालून सोडवले. त्यामुळे सेंटर रिंग प्लॅस्टिकचीच बरी, आणि चाक चढवताना हबच्या उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून घ्यावा.

देवगडी_गाडीवान:

माझे मत थोडे वेगळे आहे. 15 इंची घेणारच असाल तर 195/65 घ्या, गाडी उंच होते आणि फेरीबोटीच्या फळीवर चढताना बंपर घासत नाही. माझ्या मित्राने तेच केले आहे आणि तो खूश आहे.

निवृत्त_फिटर_चिपळूण:

गाडीवान भाऊ, उंची वाढते हे खरे, पण किती ते मोजा. 195/65 आर 15 चा व्यास 634.5 येतो, म्हणजे मूळपेक्षा 15 मिलिमीटर जास्त, आणि जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, जेमतेम साडेसात मिलिमीटरने वाढते. त्याच्या बदल्यात मीटरवर 100 दिसत असताना गाडी मूळ टायरांच्या तुलनेत सुमारे अडीच टक्के जास्त पळत असते, आणि पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगला पुढचा टायर आतल्या प्लॅस्टिकला लागण्याची शक्यता वाढते. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे पाणी साचायला जूनचा पहिला आठवडा पुरेसा असतो.

भाट्येकिनारा:

सर्वांचे मनापासून आभार. काल डिस्क उतरवून आतले आकडे लिहून घेतले आणि पूर्ण रंगवलेल्या, चारच भोकांच्या 15 इंची चाकांवर 185/65 टायर घ्यायचे पक्के केले. त्या चाकाचे मधले भोक 67.1 निघाले, तेव्हा रिंग त्या मापाची मागवली आहे. आता एकच शंका उरली आहे: स्टेपनी 14 इंची लोखंडीच राहू दिली तर चालेल का?

निवृत्त_फिटर_चिपळूण:

चालेल. दोन्हींच्या व्यासात दोनच मिलिमीटरचा फरक आहे, त्यामुळे पंक्चर काढून घेईपर्यंत बेताच्या वेगाने गाडी नेता येईल. मात्र मॅगव्हीलबरोबर नवे नट मिळाले असतील, तर त्यांचे तोंड लोखंडी डिस्कला जुळेलच असे नाही. म्हणून जुन्या नटांपैकी चार कापडाच्या पिशवीत बांधून जॅकजवळ ठेवा. नव्या चाकांच्या नटांची भोके अरुंद असतील तर गाडीतला पाना आत शिरत नाही, तेव्हा त्या मापाचा पातळ सॉकेट दुकानातूनच मागून घ्या आणि तिथेच एकदा स्वतःच्या हाताने चाक उतरवून, पुन्हा चढवून पाहा.