मदत हवी आहे : सल्फर टेट्राफ्लोराइडचा आकार फुग्यांनी दाखवायचाय

म्हापशात अकरावीला रेणूंचे आकार शिकवतोय. एक फुगा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-जोडी; चार सारखे फुगे गाठीपाशी पिळले की चतुष्फलक आपोआप जमतो, कोन १०९.५ अंश. पाण्याच्या रेणूत दोन लोन पेअरच्या (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या) रेट्याने तो १०४.५ वर येतो, हेही मुलांना पटतं. अडतं ते सल्फर टेट्राफ्लोराइडपाशी. त्याला पाच फुगे लागतात, चार फ्लोरीनच्या बंधांचे आणि एक लोन पेअरचा; तीन मधल्या त्रिकोणात बसतात, दोन वर-खाली अक्षावर. लोन पेअरचा फुगा जास्त फुगवला, तरी कधी कधी तो अक्षावरच अडकतो. तिथे ९० अंशांवर तीन शेजारी, मधल्या त्रिकोणात दोनच. म्हणजे तो त्रिकोणातच बसायला हवा. दोनाची आणि तिनाची जुडी एकमेकींत पिळताना मोठा फुगा कुठल्या जुडीत घ्यावा? की गाठ सैल ठेवावी? थर्माकोलचे गोळे कृपया सुचवू नका, त्यांत रेटा दिसतच नाही.