आईची सीटी कोलोनोग्राफी नागपुरात कुठं करावी? (बजेट १२ हजार)

बर्डीचा_नितीन: राजेहो, सल्ला पाहिजे. आई ६६ वर्षांची. शौचातून रक्त गेलं म्हणून दुर्बीण केली, पण डाव्या वळणापुढे दुर्बीण सरकेचना. तिथवर एक लहान पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली गाठ) होता, तो काढला. उरलेल्या आतड्यासाठी डॉक्टर सीटी कोलोनोग्राफी (मोठ्या आतड्यात हवा भरून काढायचा सीटी स्कॅन) म्हणतात. त्यात पॉलिपचे देठाचा, चपटा असे प्रकार कळतात का? आणि कुठं करावी? बजेट १२ हजार, त्यातच सांगा.

मिहानवासी: बजेट सोडा, मुंबईला न्या. सासऱ्यांचं तिकडेच केलं, राहणं-जाणं धरून ४० हजार. पण सेवा एक नंबर! रिपोर्ट चकचकीत फाइलमध्ये.

तर्रीप्रेमी: सीटीत पॉलिप दिसला तरी काढता येत नाही, मग पुन्हा दुर्बीणच. दोनदा पैसे. पूर्ण भूल देऊन दुर्बीणच करा.

रामदासपेठ_काकू: धंतोलीत केली का? गाडी कुठं लावली? आम्ही अर्धा तास गोल फिरत होतो, पेशंट मागे बसून कण्हतोय.

महालचा_बंड्या: काकू, गाडी नेता कशाला, मेट्रोनं जा.

रामदासपेठ_काकू: जुलाबाचं औषध घेतलेल्या माणसाला मेट्रोत? बाप्पा!

क्षकिरण: रेडिओलॉजीत काम करतो. प्रकारापेक्षा आकार आधी. १० मिमी किंवा मोठा पॉलिप सहसा सुटत नाही. अमेरिकेत २००८ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत असा पॉलिप किंवा कॅन्सर असलेल्या १०० पैकी ९० जण सीटीनं पकडले. ६ ते ९ मिमीचे जास्त निसटतात. ५ मिमी आणि खालचे बहुतेक रिपोर्टात लिहीतच नाहीत.

देठाचा ओळखू येतो, पण पेशंट पालथा झाला की त्याचं डोकं दुसरीकडे लोंबतं, त्यामुळे हलणारा मळ समजून फसगत होते. मळात हवेचे बुडबुडे असतात आणि आदल्या दिवशी पाजलेल्या बेरियम-आयोडीननं तो पांढरा होतो. पॉलिप आतून करडाच राहतो. चरबीची गाठ काळपट, ती लगेच कळते. सगळ्यात त्रास चपट्याचा, त्यातही उजव्या बाजूच्या सेरेटेडचा (सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखा दिसणारा पॉलिप). त्याच्यावरच्या चिकट थराला ते पांढरं औषध धरतं, तेवढाच सुगावा. ॲडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा) आहे की हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी), हे मात्र सीटी सांगत नाही. तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच जावा लागतो.

सेंटरला विचारा: मळ पांढरा करायचं औषध देता का, उताणं-पालथं दोन्ही स्कॅन करता का, आतडं फुगवायला कार्बन डायऑक्साइडचं मशीन आहे का, वाचणाऱ्याला सवय आहे का. आणि पॉलिप नुकताच काढलाय, तर हवा भरायच्या आधी किती थांबायचं ते काढणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. हे विसरू नका.

तर्रीप्रेमी: म्हणजे मी बोललो तेच. दुर्बीण.

क्षकिरण: दुर्बीण सरकली नाही म्हणूनच तर सीटी सांगितली ना भाऊ.

वर्धारोड_वैतागला: एका सेंटरात (नाव घेत नाही) हवा इतकी भरली की संध्याकाळपर्यंत पोटाचा नगारा. वर रिपोर्टात पित्ताशयाचा खडा लिहून दिला, जो कोणी विचारलाच नव्हता. त्या खड्याच्या नादात आणखी सोनोग्राफी.

महालचा_बंड्या: सीटी म्हणजे किरणांचा मारा. काऊन करता?

क्षकिरण: यात डोस कमी ठेवतात, पोटाच्या नेहमीच्या सीटीपेक्षाही कमी. आणि भूल लागत नाही.

मिहानवासी: मुंबई.

इतवारीची_सुनंदा: आदल्या दिवशी पथ्य कडक पाळा. संत्री, पालेभाजी, बियांचं काही नको. आमच्याकडे सासूबाईंनी गुपचूप दोन संत्री खाल्ली आणि सगळी तयारी पहिल्यापासून करावी लागली.

बर्डीचा_नितीन: सगळ्यांचे आभार. दुर्बीणवाल्या डॉक्टरांनी दोन आठवडे थांबायला सांगितलं, पुढची तारीख घेतली. सेंटर आमच्या गल्लीशेजारचंच. कार्बन डायऑक्साइडचं मशीन नाही, हातपंपानं साधी हवा भरतात. पण औषध पाजतात, दोन्ही बाजूंनी स्कॅन करतात, ११ हजारात होतं आणि तिथली टेक्निशियन आईची जुनी विद्यार्थिनी निघाली. आई म्हणते, तिच्याच हातून करीन.

वर्धारोड_वैतागला: हातपंप? नगारा ठरलेला.

रामदासपेठ_काकू: गल्लीत म्हणजे पार्किंगचा प्रश्नच मिटला!