वर्गातले टॅब कपाटात की पोरांच्या हातात?

पाचवीच्या बाई
सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. वर्गात 40 पोरं, टॅब 10. मागच्या मे महिन्यात जपून ठेवायचे म्हणून सगळे फुल्ल चार्ज करून लोखंडी कपाटात कुलूपबंद केले, वर पत्रा, आणि आपल्याकडचं ऊन तर माहितीच आहे. जूनमध्ये कपाट उघडलं तर दोन टॅब पोट फुगल्यासारखे, काच कडेनं वर उचललेली. बॅटरीला उष्णता आणि भरलेलं चार्जिंग दोन्ही एकत्र सोसत नाही हे तेव्हा कळलं, निम्मं चार्ज ठेवून गार खोलीत ठेवायला पाहिजे होते.

आता उरलेल्या आठ टॅबवर ऑइलपेंटनं नंबर आहे आणि पाच पोरं एका नंबरची. परवा एक पोरगी आली, म्हणाली बाई सहा नंबरची पिन हलायलीय, वायर तिरकी धरली तरच चार्ज होतंय. कपाटात असता तर मला कधी कळलं असतं? माझं म्हणणं, रोज वापरा.

मुख्याध्यापक, ग्रामीण
बाई, तुमची तळमळ पटते, पण जडसंग्रह रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, सही माझी असते. काच फुटली की पोराच्या बापाकडं पैसे मागायचे का? आणि खराब वस्तूचं निर्लेखन करायचं, ती नोंदीतून काढून टाकायची म्हणजे किती कागद फिरतात ते बघा एकदा. आठवड्याला दोन तास, शिक्षक समोर उभा, संपलं की मोजून कुलूप. कोण मला भित्रा म्हणालं तरी चालेल.

एक आई
मला काचेपेक्षा दुसरीच भीती आहे. माझ्या मुलीच्या हातात टॅब आला तेव्हा आधीच्या तासाच्या पोराचं खातं तसंच उघडं होतं, त्याचे फोटो पण दिसत होते. उद्या माझ्या मुलीचे कुणी बघितले तर? तास संपताना लॉगआऊट कोण करतंय, तेवढं सांगा. तरी बंद करा असं म्हणवत नाही, आमच्या घरी फोन एकच, तो ह्यांच्याबरोबर कारखान्यात जातो, पुस्तकातला क्यूआर कोड पोरीनं कशावर बघायचा?

माढेकर
आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यात क्यूआर कोडच्या पुस्तकांचा मोठा वाटा होता ना, मग कुलूप कशाला?

मुख्याध्यापक, ग्रामीण
गुरुजींबद्दल आदरच आहे. पण त्यांचं नाव घेतलं म्हणून माझ्याकडचा एक एक्स्टेंशन बोर्ड दहा टॅब चार्ज करणार नाही, आणि दुपारी लाईट गेली की तोही बंद.

पाचवीच्या बाई
ताई, तुमचं बरोबर आहे, आमच्याकडंही हे राहून गेलं होतं. आता टॅबमध्ये कुणाचंच खाजगी खातं टाकत नाही, धड्याचं ॲप उघडून स्क्रीन पिन करते म्हणजे पोरगं सहज दुसरीकडं जात नाही, आणि घंटेच्या पाच मिनिटं आधी पाचातला एकजण काढलेले फोटो पुसतो, ते मी स्वतः बघते.

सर, काचेचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. जाड रबरी कव्हर घातलीत आणि टॅब जमिनीवर बसूनच वापरायचा, चालत न्यायचा नाही, एवढाच नियम. जूनपासून एकच फुटला, तोही माझ्याच टेबलावरून पडला. त्याचे पैसे मी भरले, पोरांना त्यात ओढलं नाही. पण फुगलेले ते दोन कुणी न वापरता गेले, त्यांची नोंद कुणाच्या नावावर टाकायची?