आयमेक झाला तर रावेर-यावलच्या केळीला काय मिळेल? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

तापीकाठ: सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत आयमेक, म्हणजे भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक कॉरिडॉर, जाहीर झाला. माल जहाजाने अमिरातीत, तिथून रेल्वेने सौदी, जॉर्डन, इस्रायल आणि पुन्हा जहाजाने युरोपात. लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा दुसरी वाट किती गरजेची आहे ते कळलंच. जळगावच्या केळीला २०१६ पासून जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. युरोपची तयारी आत्तापासूनच करायला हवी.

कांदेबाग: अजिबात पटत नाही. आपला माल समुद्रात नंतर, सावदा ते न्हावाशेवा बंदर या टप्प्यात आधी बिघडतो. रीफर (शीत) कंटेनर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करत नाही. उन्हात तापलेले घड उतरवले, तुरटीच्या पाण्यात फण्यांचा चीक काढला आणि प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) न करताच खोकी भरली, की मधल्या थरातली उष्णता तशीच राहते. एक खोकं पिकायला लागलं की त्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्यांना पिकवतो. दार उघडल्यावर पिवळा माल, म्हणजे खरेदीदार भाव पाडणार. बरं, पारा १३ अंशांच्या खाली गेला तर साल करडी पडते आणि मग ती नीट पिवळी होत नाही. आयमेकवर कंटेनर जहाज-रेल्वे-जहाज असा फिरणार. प्रत्येक ठिकाणी विजेचा प्लग काढणार, लावणार. माल खराब झाला तर भरपाई कोण देणार?

तापीकाठ: प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी थांबायचं कशाला? प्रत्येक कंटेनरमध्ये डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) ठेवा. पारा कुठे चढला ते तासानिशी कळतं. ४० फुटी रीफरमध्ये १३ किलोची साधारण दीड हजार खोकी, म्हणजे २० टन माल बसतो. असे कंटेनर नियमित सुटणार असतील तरच कोणी शीतगृहात पैसा घालेल.

नवती-पिलबाग: दोघेही बांधावरचा हिशेब विसरताय. निर्यातदार कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावून जाड, बिनडागाच्या फण्या उचलतो आणि उरलेला माल वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात जातो. वरचा भाव भारी दिसतो, पण अख्ख्या बागेची सरासरी काढली तर बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला सरसकट दिलेली बाग कधी कधी जास्त देऊन जाते. त्यात युरोपात क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या अवशेषाची मर्यादा किलोला फक्त ०.०१ मिलिग्रॅम. त्यामुळे फवारणीची नोंदवही लागवडीपासून हवी, कापणीच्या आठवड्यात लिहून चालत नाही. कॉरिडॉर व्हायचा तेव्हा होवो, सौदा करताना नाकारलेल्या फण्यांचा भाव आधी कागदावर घ्या.

कांदेबाग: आणि वजन खोक्यावर धरणार की घडावर, तेही त्याच कागदावर. घडाच्या दांड्याच्या वजनाची घट शेतकऱ्याच्या माथी मारतात.