रूथ क्ल्यूगर: जर्मन की इंग्रजी आवृत्ती?

पुस्तककिडा: नाझी छावणीतून वाचलेली लेखिका रूथ क्ल्यूगर हिच्या आठवणींच्या पुस्तकावर टिपण लिहितोय. इंग्रजी 'स्टिल अलाइव्ह' (2001) हा जर्मन 'वायटर लेबेन'चा (1992) अनुवादच ना? पृष्ठ क्रमांक काही केल्या जुळत नाहीत.

दौतटाक: जुळणारही नाहीत. तो अनुवाद नव्हे, तिनेच इंग्रजीत नव्याने लिहिलेलं पुस्तक आहे. आईच्या हयातीत क्ल्यूगरला ते इंग्रजीत नको होतं. आई 2000 साली गेली. त्यामुळे दोन्हींतला मजकूर एकच समजून उद्धृत करू नका, कुठल्या आवृत्तीतला ते दरवेळी लिहा. आणि ब्रिटनमध्ये हेच पुस्तक 'लँडस्केप्स ऑफ मेमरी' नावाने निघालं, तिसरं समजून विकत घेऊ नका!

समासातली: निवडीचा, म्हणजे कोणाला मजुरीला ठेवायचं आणि कोणाला मारायचं हे ठरवण्याचा, प्रसंग बारकाईने वाचा. आउश्विट्झची नाझी छावणी, 1944. क्ल्यूगर 12 वर्षांची. तिथलीच एक कैदी, कारकुनी करणारी तरुणी, तिला हळूच सांगते: वय 15 सांग. ती तसं सांगते आणि मजुरांच्या यादीत जाते. बहुतेक टिपणांत इथे नुसतं 'नशीब' लिहून मोकळे होतात. क्ल्यूगरचा सगळा भर मात्र त्या अनोळखी बाईने आपणहून केलेल्या कृतीवर आहे.

दौतटाक: बरोबर. शिवाय छावणीत तिने मनातल्या मनात रचलेल्या कविता सोडू नका. यमक आणि वृत्त होतं म्हणून त्या कागदाविना पाठ राहिल्या. पुढे जर्मन साहित्याची प्राध्यापक झाल्यावर तिने त्याच कवितांची चिकित्सा केली, तीही जराही लाड न करता.